पौर्णिमेची तारीख

प्रवासवर्णनाचा तास घेताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न नेहमी विचारते : प्रवास नेमका कोठे सुरू होतो? बहुतेक उत्तरे स्टेशनावर, बंदरावर किंवा विमानतळावर जाऊन थांबतात. क्वचित एखादा ‘घराच्या उंबऱ्यावर’ असे म्हणतो आणि आपण काही काव्यात्म बोललो या समाधानाने खाली बसतो. माझ्या मते प्रवास त्याच्याही आधी, बेतात सुरू होतो. बेत हीदेखील एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, तिच्यात उसनी वाक्ये असतात, गाळलेल्या जागा असतात. साहित्याच्या अभ्यासकाने ती वाचू नये असे काही कारण मला दिसत नाही.

काही महिन्यांपूर्वी असा एक बेत माझ्याकडे खरोखरच वाचायला आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी, मराठी घेऊन एम. ए. झालेली आणि आता पुण्यात अनुवादाचे काम करणारी, तिच्या तीन मैत्रिणींसह थायलंडला जाण्याच्या विचारात होती. जायचे होते को फांगान या बेटावर, हाद रिनच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या ‘फुल मून पार्टी’साठी. तिने संगणकावर मांडलेला भलामोठा तक्ता मला पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली : ‘मॅडम, चुका काढा.’

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. थायलंडच्या आखातात, सुरात थानी प्रांतात, को सामुई, को फांगान आणि को ताओ ही तीन बेटे उत्तरेकडे एकामागोमाग एक पसरली आहेत. पर्यटन येण्यापूर्वी तेथील माणसे नारळ आणि मासळीवर जगत. फांगानच्या आग्नेय टोकाला हाद रिन नावाचे एक चिंचोळे भूशीर आहे. त्याच्या एका अंगाला सूर्योदयाचा किनारा, तर दुसऱ्या अंगाला सूर्यास्ताचा. सूर्योदयाच्या किनाऱ्यावर दर पौर्णिमेला संध्याकाळी सुरू झालेले संगीत सकाळपर्यंत थांबत नाही. १९८०च्या दशकात एका साध्या निवासाच्या आवारात वीसतीस पाहुणे जमले आणि त्यातून हे सुरू झाले, अशी उगमकथा सांगितली जाते. पुढे गर्दीचे आकडे हजारांत गेले. मोसमात वीसतीस हजारांपर्यंत माणसे जमतात असे म्हणतात. माणसे अंगावर चमकते रंग फासतात, लहान मुले वाळूत खेळतात तसल्या प्लॅस्टिकच्या बादलीतून दारू, कोला आणि उत्तेजक पेय यांचे मिश्रण नळीने पितात, पेटवलेल्या दोरावरून उड्या मारतात आणि भाजून घेतात.

ही माहिती वाचताना वाचकांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या. तक्ता उघडल्यावर माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट म्हणजे उपदेश. तो मी लिहायलाही घेतला होता. दीड परिच्छेद झाला होता. पण तो पाठवला नाही, आणि का पाठवला नाही हे सांगणे मला भाग आहे.

वीसएक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शिकवत असताना एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचे होते. घरी काय सांगावे आणि जावे की न जावे, असे काहीसे तिला विचारायचे होते. मी तिला बसवून घेतले आणि अर्धा तास बोलले. काय बोलले ते आठवत नाही. पण ‘या वयात’ हे शब्द त्यात पुष्कळदा आले असणार. ती मान डोलावत राहिली. नंतर ती गेलीच, घरी महाविद्यालयाची सहल असल्याचे सांगून. तिकडे भाड्याच्या स्कूटरवरून पडून तिचे मनगट आणि गालाचे हाड मोडले, आणि दोन दिवस तिने कोणालाही कळवले नाही, कारण कळवायचे तर आधीचे खोटे उघडे पडणार होते. ती पूर्ण बरी झाली. पुष्कळ वर्षांनी भेटली तेव्हा मी विचारले, मला तरी का नाही कळवलेस? ती हसून म्हणाली, “मॅडम, मी तुम्हाला बेत दाखवायला आले होते. तुम्ही मलाच तपासलंत.”

तेव्हा या खेपेस मी बेतच तपासायचे ठरवले.

तक्त्यात रकाने होते : दिवस, प्रवास, मुक्काम, खर्च, कपडे, ‘करायच्या गोष्टी’ आणि ‘काळजी’. भाषा बहुतेक इंग्रजी, अधूनमधून मराठी. वाचू लागले तेव्हा पहिल्यांदा जाणवले ते हे की यातली निम्मी वाक्ये तिची नाहीत. ‘आयुष्यात एकदा तरी’, ‘स्थानिकांसारखे जगा’, ‘स्वतःला हरवून द्या’ ही वाक्ये तिने लिहिणे शक्य नव्हते. तिचे मराठी मी तपासलेले आहे. विचारल्यावर कळले की तक्ता मुळात तिच्या कार्यालयातील कोणाचा, त्याला तो आणखी कोणाकडून मिळालेला. प्रत्येकाने त्यात तारखा आणि नावे बदलली होती, वाक्ये तशीच ठेवली होती. पोथ्यांच्या पाठपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. एक ओळ तर ज्या फेरीबोटीच्या वेळेविषयी होती ती बोट सध्याच्या वेळापत्रकात मला सापडलीच नाही. लेखनिकाने न समजता उतरवून घेतलेला पाठ!

येथे अ‍ॅलेक्स गारलंड या इंग्रजी लेखकाची ‘द बीच’ ही कादंबरी आठवणे अपरिहार्य आहे. १९९६ साली ती प्रसिद्ध झाली, २००० साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि या बेटांकडे जाणाऱ्या तरुणांच्या हातात ती तेव्हापासून आहे. तिचे कथानकच मुळी एका बेताच्या नकलेचे आहे. बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरील स्वस्त निवासात रिचर्ड या तरुणाला एका गुप्त किनाऱ्याचा हाती काढलेला नकाशा मिळतो. तो निघण्यापूर्वी त्या नकाशाची एक प्रत दोन अनोळखी मुलांसाठी ठेवून जातो आणि त्या प्रतीतूनच पुढचा सारा अनर्थ ओढवतो. नंदनवन शोधणारी माणसे नंदनवनाचे काय करतात याची ही कठोर, प्रसंगी बीभत्स गोष्ट आहे. पण ती वाचून लोकांनी काय केले? लोक किनारा शोधायला निघाले. चित्रपटाचे चित्रण अंदमान समुद्रातील फि फि ले बेटावर, माया नावाच्या उपसागरात झाले होते. तेथे पुढे दिवसाला हजारो माणसे उतरू लागली, प्रवाळ इतके खराब झाले की २०१८च्या जूनमध्ये शासनाने तो किनारा बंद केला आणि २०२२च्या जानेवारीत कडक निर्बंध घालून पुन्हा उघडला. इशारा म्हणून लिहिलेली गोष्ट आमंत्रण म्हणून वाचली गेली, याचे इतके ठळक उदाहरण अलीकडच्या वाङ्मयात मला दुसरे माहीत नाही.

असे का होते? वाचक मूर्ख असतात हे उत्तर शिक्षकांना आवडते, पण ते खोटे आहे. मला कारण निराळे दिसते. या कादंबरीत एक प्रसंग आहे : गुप्त किनाऱ्यावर राहणारा रिचर्ड तांदूळ आणण्यासाठी हाद रिनला येतो. तेथील गर्दी पाहून त्याला किळस येते. काही आठवड्यांपूर्वी तो स्वतः त्याच गर्दीतला होता, परंतु आता तो ‘प्रवासी’ झाला आहे आणि ते सारे ‘पर्यटक’ आहेत. वाचक नेमका येथे रिचर्डच्या बाजूने उभा राहतो. इशारा नेहमी त्या दुसऱ्यांसाठी असतो. आपण तसे नसतो. गारलंडने हा सापळा जाणूनबुजून रचला असावा, पण वाचकाला त्यात अडकल्याचे कळत नाही, ही त्याची मर्यादा म्हणावी की यश, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

आपल्याकडे ‘प्रवासी’ आणि ‘पर्यटक’ यांतील हा भेद समीक्षेत फार लाडका आहे. प्रवासवर्णनावरील कोणतेही प्रबंधलेखन उघडा, पहिल्या प्रकरणात तो सापडतो : प्रवासी अंतर्मुख, पर्यटक बहिर्मुख, प्रवाशाला अनुभव, पर्यटकाला फोटो. मला हा भेद दिवसेंदिवस अप्रामाणिक वाटू लागला आहे. तो वर्तनाचा भेद नसून बहुधा प्रतिष्ठेचा असतो. वाळूवर नाचणारी आमची विद्यार्थिनी पर्यटक, आणि सरकारी खर्चाने परिसंवादाला जाऊन तीन दिवसांत ‘तेथील लोकजीवन’ टिपून आणणारे आपण प्रवासी! असो.

जुन्या लेखकांना या भेदाची गरज पडलेली दिसत नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते कर्ज फिटावे म्हणून. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, हा त्यांचा बेत. त्यात कोठलाही आत्मशोध नव्हता. वाटेत १८५७चे बंड आडवे आले, भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेले लुटले गेले आणि परत येताना हाती राहिली ती गंगेची कावड. ‘माझा प्रवास’ थोर आहे याचे एक कारण मला असे वाटते की भटजी आपला मूळचा बेत लपवत नाहीत. पैशासाठी निघालो होतो, हे ते साधेपणाने सांगतात. म्हणून पुढे जे अनपेक्षित घडते त्याचे वजन कळते. बेत लपवला की अनपेक्षिताला मापच उरत नाही.

हे पुस्तक छापले गेले १९०७ साली. योगायोग असा की त्याच वर्षी सयामचे राजे चुलालाँगकॉर्न युरोपच्या दौऱ्यावर होते आणि आपल्या मुलीला पत्रे लिहीत होते. ती ‘क्लाय बान’, म्हणजे ‘घरापासून दूर’, या नावाने थाई साहित्यात प्रसिद्ध आहेत. हेच चुलालाँगकॉर्न को फांगानवरील थान सादेतच्या धबधब्यावर १८८८पासून अनेकदा आले आणि तेथील खडकांवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. म्हणजे ज्या बेटाकडे आमची मंडळी कोरी पाटी म्हणून पाहतात, ते बेट थाई भाषेत केव्हाच लिहिले गेलेले आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात धबधबा होता. ‘फोटोसाठी उत्तम, सकाळी जावे’ एवढ्या नोंदीसह.

आता मी चुका काढू लागले. पहिली चूक हवामानाची. तिने दिवाळीच्या सुट्टीनंतरची पौर्णिमा धरली होती, कारण ‘पावसाळा तोवर संपतो’. आपला संपतो. थायलंडच्या आखातातील ही बेटे ईशान्य मोसमी वाऱ्यांवर भिजतात. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे दिवस आणि त्यातही नोव्हेंबर सर्वांत वाईट. पश्चिमेकडील अंदमान समुद्राच्या बाजूचे वेळापत्रक पुष्कळसे आपल्यासारखे, म्हणून ही गफलत होते. ती पौर्णिमा कार्तिकातली. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला घाटांवर दिवे लागतात त्याच रात्री थायलंडमध्ये केळीच्या बुंध्याच्या चकतीवर मेणबत्ती आणि फुले ठेवून पाण्यात सोडतात. त्या सणाला लॉय क्राथोंग म्हणतात. तक्त्यात त्याचा उल्लेख नव्हता. चार मराठी मुली कार्तिकी पौर्णिमेला अशा देशात उतरणार होत्या जेथे घरोघरची माणसे पाण्यात दिवे सोडत असणार, आणि त्यांच्या बेतात त्या रात्रीपुरते फक्त चमकत्या रंगाचे सामान होते.

तिने तारीख बदलली, फेब्रुवारीतली धरली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “मॅडम, गंमत बघा. पौर्णिमा एका तारखेला आणि पार्टी दुसऱ्या दिवशी. वेबसाइटवर चुकलंय वाटतं.”

“अगं, चुकलेलं नाही,” मी म्हणाले, “ती माघी पौर्णिमा आहे.”

बेतातली खरी ओळ मला येथे सापडली. थेरवादी थायलंडमध्ये माखा बुचा, विसाखा बुचा आणि आसान्हा बुचा या तीन पौर्णिमा विशेष पवित्र मानतात. माघ, वैशाख, आषाढ ही नावे मराठी कानाला समजावून सांगावी लागत नाहीत. (अधिक मासाचा त्यांचा हिशेब निराळा असल्याने आपला माघ आणि त्यांचा माखा दरवर्षी जुळतोच असे नाही.) वैशाखी पौर्णिमा बुद्धाच्या जन्माची, संबोधीची आणि महापरिनिर्वाणाची, आषाढी पौर्णिमा सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची, जिच्या दुसऱ्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो. १९५६नंतरच्या महाराष्ट्रात हे शब्द पुस्तकी राहिलेले नाहीत; वस्तीवस्तीतल्या विहारांतून ते रोज बोलले जातात. या दिवशी थायलंडमध्ये दारूविक्रीला बंदी असण्याची पद्धत आहे (२०२५ साली तिला काही सवलती जोडल्या गेल्या), आणि म्हणून फुल मून पार्टी पौर्णिमेला न होता एखादा दिवस मागेपुढे सरकवली जाते. पौर्णिमेच्या नावाची पार्टी पौर्णिमेला नसते! जाहिरातीत ही गोष्ट तारखेखाली बारीक अक्षरात येते. माझ्या मते सबंध बेतात त्या बेटाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो एवढ्या एका जागी.

याहून बारीक बघायचे तर दर पौर्णिमा हा उपोसथाचा दिवस आहे. थाई भाषेत ‘वान फ्रा’. त्या दिवशी श्रद्धावान उपासक अष्टशील पाळतात. त्यांतले पाचवे शील मादक पेये वर्ज्य करते आणि सातवे नृत्य, गीत, वाद्य, माळा, गंध, अलंकार यांपासून दूर राहायला सांगते. हाद रिनच्या किनाऱ्यावर त्या रात्री जे जे असते त्याची ही जवळपास पूर्ण यादी आहे. एकाच बेटावर, एकाच चंद्राखाली, काही माणसे ती यादी पाळत असतात आणि काही हजार माणसे ती एकेक करून मोडत असतात, आणि बहुतेकांना अशी काही यादी असते हेच ठाऊक नसते. मोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. मोडायला तरी नियम माहीत असावा लागतो. येथे तेवढेही नाते नाही.

मात्र याच्या जोरावर ‘प्राचीन परंपरा विरुद्ध आधुनिक स्वैराचार’ असे चित्र कोणी रंगवू लागले तर मी त्याला साथ देणार नाही. माखा बुचा आज ज्या रूपात पाळतात ते रूप तिला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राजे मोंकुट यांनी दिले. आणि तिची कथा फार सुंदर आहे. राजगृहाच्या वेळुवनात माघी पौर्णिमेला बाराशे पन्नास भिक्षू जमले. कोणीही त्यांना बोलावले नव्हते, आधी काही ठरले नव्हते. त्या न ठरवता भरलेल्या सभेला बुद्धाने उपदेश केला. त्या रात्री थाई माणसे हातात मेणबत्ती, उदबत्ती आणि फूल घेऊन विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात. मला मौज वाटली ती ही की हाद रिनची उगमकथाही न ठरवता जमलेल्या माणसांचीच आहे. तिथे पोचायला आज चार महिने आधी बेत आखावा लागतो, पौर्णिमेच्या आसपास चारपाच रात्रींखाली खोली मिळत नाही, आणि प्रत्येकाला आपण आपसूक तेथे जाऊन पोचल्यासारखे वाटायला हवे असते.

या सर्वांवर आपल्याकडून येणारी एक प्रतिक्रिया मला आधीच ऐकू येते : मग आपली कोजागिरी काय वाईट? वाईट काहीच नाही. पण गच्चीवरचे मसाला दूध हे या मुलींच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, आणि ते पुढे करणारे लोक स्वतः बाराच्या आत झोपतात असा माझा अनुभव आहे. दुसरी प्रतिक्रिया गोव्याची. तिच्यात थोडे तथ्य आहे. १९७०च्या दशकापासून हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींच्या चांदण्या रात्री होत होत्या आणि तेथील संगीताला पुढे गोव्याचेच नाव मिळाले. ते संगीत आणि ती माणसे पुढे फांगानलाही पोचली. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील मोठ्या आवाजाला मनाई केली. नियम कितपत पाळले जातात हा निराळा विषय. पण उघड्या किनाऱ्यावरची रात्र कायद्याने तरी दहाला संपू लागली. शेजारच्या घरात झोपू पाहणाऱ्या माणसाला त्या संगीतात काय ऐकू येत असेल, हे मराठीत किंवा कोंकणीत कोणी लिहिले असल्यास मला वाचायला आवडेल.

झोपू पाहणारा माणूस बेतात कधीच नसतो. बादल्या विकणारा नसतो. सकाळी वाळूतून बाटल्या आणि चपला वेचणारी बाई नसते. या बेटांवरील कष्टाची पुष्कळ कामे म्यानमारमधून आलेले मजूर करतात. त्यांनाही त्या रात्री जागरण असते, पण त्याला कोणी पार्टी म्हणत नाही. मराठी साहित्यात पार्टी म्हटली की एलकुंचवारांचे नाटक आठवते, जेथे रात्रभर चाललेल्या गप्पांत जो हजर नाही तोच सर्वांत जास्त जाणवत राहतो. तक्ता वाचताना मला ते नाटक दोनतीनदा आठवले.

तेव्हा तक्त्यात मी एक रकाना वाढवायला सांगितला : ‘त्या दिवशी तेथे आणखी काय आहे?’ एवढेच. आणि ‘काळजी’ या रकान्यात पुढील मजकूर घातला, जो वाङ्मयीन नसला तरी मला अधिक महत्त्वाचा वाटतो. थोंग सालाहून हाद रिनकडे जाणारा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा आहे. त्या रात्री त्यावर स्कूटर चालवू नका, सामाईक गाडीने जा. भाड्याच्या गाडीसाठी मूळ पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका. परवाना नसताना चालवलेल्या गाडीच्या अपघाताला विमा बहुधा पैसे देत नाही. किनाऱ्यावर बंद चपला घाला, वाळूत काचा असतात. बादली स्वतः डोळ्यांसमोर भरून घ्या आणि हातातून सोडू नका. चौघींपैकी एकीने त्या रात्री पिऊ नये आणि ती कोण हे इथूनच ठरवून जावे. अमली पदार्थांच्या बाबतीत तेथील कायदा कडक आहे. २०२२ साली गांजा मोकळा झाल्याच्या बातम्या वाचून जाऊ नका, २०२५ साली तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीवर आला. दारू प्यायल्यावर समुद्रात उतरू नका. परतीच्या बोटीत माणसे जास्त झाली आहेत असे वाटले तर उतरा आणि दुसरीची वाट बघा. २००५च्या जानेवारीत याच पार्टीहून सामुईला परतणारी भरगच्च स्पीडबोट उलटून अनेकजण गेले. आणि चौघींच्याही घरी खरे सांगा, निदान एका माणसाला.

शेवटच्या ओळीवर तिचे उत्तर आले : “आईला सांगितलंय. ती म्हणाली, मॅडमनी वाचलाय ना बेत, मग जा.” हे वाचून मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही, थोडी भीतीच वाटली.

काल तक्त्याची नवी प्रत आली. ‘आयुष्यात एकदा तरी’ हे वाक्य गेले आहे. थान सादेतच्या पुढे चुलालाँगकॉर्नच्या अक्षरांची नोंद आहे. माझ्या रकान्यात, पौर्णिमेच्या तारखेसमोर, तिने लिहिले आहे : ‘संध्याकाळी जवळच्या विहारात, खांदे-गुडघे झाकणारे कपडे, मेणबत्त्या तिथेच मिळतात का विचारणे.’ दुसऱ्या दिवसासमोर : ‘पार्टी.’ खोलीवाल्याच्या चार रात्रींच्या अटीमुळे दोन्ही रात्रींचे भाडे तसेही भरायचेच आहे, असे तिने खाली कंसात नमूद केले आहे. तक्ता आता तिच्या धाकट्या बहिणीनेही मागितला आहे.